पोर्टलंडचं पत्र : आजी-नातवंडांचा ब्रूपब

शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पोर्टलंडमधल्या ब्रूपबांची दारं उघडून पाहावीत. बाळांच्या उंच खुर्च्या भिंतीशी रचलेल्या असतात. एका टेबलावर आजोबांचा वाढदिवस चाललेला असतो, शेजारी सॉकर खेळून आलेल्या मुली गणवेशातच पिझ्झ्यावर तुटून पडलेल्या असतात. बऱ्याच ठिकाणी काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्याही दिसतात. बिअर तिथंच बनते आणि तिथूनच नळावाटे पेल्यात येते.

आपल्याकडे ‘परमिट रूम’ची पाटी दिसली की घरातल्या बायका-मुलांनी पुढच्या दुकानाकडे चालू लागायचं, ही सवय अंगात मुरलेली. त्यामुळे उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेले आई-वडील इथं पहिल्यांदा येतात तेव्हा जरा अवघडून बसतात. समोर मेनूकार्ड आलं, नातवाला रंगवायला खडू मिळाले की सैलावतात. इंटेलमुळे शेजारच्या हिल्सबरो-बीव्हर्टनमध्ये आपली माणसं पुष्कळ आहेत, म्हणून हे दृश्य नेहमीचं.

ही मोकळीक मात्र इथं पूर्वापार चालत आलेली नाही. पोर्टलंड ज्या राज्यात आहे त्या ओरेगनमध्ये दारूबंदी 1916 सालीच आली, देशभर 1920 मध्ये. 1933 मध्ये ती उठली खरी, पण जुन्या सलूनांची, म्हणजे दारूच्या गुत्त्यांची, दहशत राज्यकर्त्यांच्या मनात होती. त्यांतली कित्येक सलूनं बिअर कारखान्यांच्याच ताब्यात असत. माल खपवायचा म्हणून गिऱ्हाइकाला पाजत राहायचं, असा तो धंदा. म्हणून नव्या कायद्यांनी बनवणारा, घाऊक वितरक आणि किरकोळ विक्रेता असे तिघं वेगळे केले. परिणाम असा झाला की पुढची पन्नासेक वर्षं ओरेगनमधल्या बिअर बनवणाऱ्याला आपल्याच छपराखाली पेला भरून विकता येत नव्हता. पोर्टलंडमधल्या काही छोट्या उत्पादकांनी विधिमंडळाचे उंबरठे झिजवले आणि 1985 मध्ये कायदा बदलून घेतला. त्याच वर्षी मॅकमेनामिन बंधूंनी हिल्सडेल भागात राज्यातला पहिला ब्रूपब उघडला.

याच भावांची माझी सर्वांत आवडती जागा म्हणजे ‘केनेडी स्कूल’. 1915 साली बांधलेली ही प्राथमिक शाळा 1970च्या दशकात बंद पडली आणि इमारत पाडण्यापर्यंत गोष्ट आली. शेजारपाजारच्यांनी, जुन्या विद्यार्थ्यांनी ती वाचवण्यासाठी धडपड केली. 1997 मध्ये ती पुन्हा उघडली ती हॉटेल, ब्रूपब आणि चित्रपटगृह होऊन. वर्गखोल्यांत पाहुणे झोपतात, फळे अजून भिंतीवर आहेत. सभागृहात सिनेमा लागतो आणि जेवण तिथंच मागवता येतं. मोडकळीला आलेली सार्वजनिक वास्तू वस्तीतल्या माणसांना अशी परत मिळावी, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आपल्याकडच्या बंद गिरण्यांच्या वाट्याला असं कितीसं आलं?

जेवण साधंच. बर्गर, पिझ्झा, आणि ‘टेटर टॉट्स’ : किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या कुरकुरीत गोळ्या. 1953 मध्ये ओरेगन-आयडाहो सीमेवरच्या ओर-आयडा कंपनीनं फ्रेंच फ्राइज कापून उरलेल्या तुकड्यांतून त्या काढल्या. शाकाहारी माणसाला काळ्या घेवड्याचा बर्गर बहुतेक ठिकाणी मिळतो. बिअर निवडता येत नसेल तर छोट्या पेल्यांचा नमुन्याचा ट्रे मागवावा. तिचा कडवटपणा आणि वास येतो हॉप्सच्या फुलांतून. ही वेल इथल्याच विलामेट खोऱ्यात पिकते, आणि अमेरिकी क्राफ्ट बिअरला ओळख देणारी ‘कॅस्केड’ जात 1972 मध्ये ओरेगनमधूनच बाहेर पडली. न पिणाऱ्यालाही कोणी आग्रह करत नाही. त्याच्यापुढे लिंबू सरबत येतं आणि गप्पा चालू राहतात. मला हे फार मोलाचं वाटतं. दारू अंधारात, पोटात अन्न नसताना आणि नुसत्या पुरुषांच्या घोळक्यात प्यायली जाते तेव्हा तिचं जे रूप होतं, ते समोर लेकरं जेवत असताना सहसा होत नाही.

नियम मात्र कडक आहेत. वयाची अट 21 वर्षांची. मुलं जेवणाच्या भागात बसू शकतात, बारच्या भागात नाही, आणि काही ठिकाणी रात्री ठरावीक वेळेनंतर अजिबात नाही. ओरेगनमध्ये विक्रीकर नसल्यानं मेनूवरची किंमत तीच बिलावर येते. वर साधारण 18 ते 20 टक्के टिप द्यायची. इतर अनेक राज्यांत टिप मिळते म्हणून वाढप्यांचा मूळ पगार कमी धरतात. ओरेगनमध्ये तसं करायला कायद्यानं बंदी आहे, त्यांना पूर्ण किमान वेतन मिळतं. तरीही टिपेत हात आखडू नये.

इकडे येणार असाल तर आई-वडिलांना आणि मुलांना जरूर घेऊन जा. बिअर घेणाऱ्यानं पासपोर्ट जवळ ठेवावा, केस पांढरे असले तरी विचारतात. आणि परतताना गाडी न पिणाऱ्यानंच चालवावी.