पुणे : आपला नकाशा

पुणे दाखविणारी पुस्तके व नकाशे बाजारात भरपूर आहेत. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, पर्वती, सारसबाग ही ठरलेली यादी. वाटाड्याशिवाय आपले आपण फिरा, असे ती सांगतात. वाटाड्या हा शब्द आमच्या कानाला वेगळा लागतो. गावात आलेल्या सरकारी माणसाला पुढच्या गावची वाट दाखविणे हे महाराचे वतनी काम होते. हे वतन 1958 च्या कायद्याने संपले. ज्यांनी साऱ्या मुलखाला वाट दाखविली, त्यांच्या खुणा मात्र या नकाशांवर शोधूनही सापडत नाहीत. म्हणून वडगाव निंबाळकरहून पोरांना घेऊन जातो तेव्हा मी नकाशा आपला वापरतो. कार्यकर्त्यांच्या व शिक्षकांच्या उपयोगी पडावा म्हणून तो इथे मांडतो.

नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट करीत आदल्या दिवशीच पुण्यात जावे. कारण फेरी सकाळी नऊच्या आत सुरू करायची आहे. पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आत पुण्याच्या वेशीत बंदी होती, असे घुर्ये यांनी नोंदविले आहे. त्या वेळी सावल्या लांब पडतात, आणि त्या ब्राह्मणाच्या अंगावर पडल्या की तो विटाळतो! विटाळाचे असे भूमितीशास्त्र दुसऱ्या कुठल्या शहराने रचले असेल, असे वाटत नाही.

सुरुवात गुलटेकडीपासून. आपल्या भागातला कांदा नि गूळ जिथे उतरतो, ते मार्केट यार्ड इथेच. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून कुणी महार-मांग गेला, तर त्याचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानात चेंडूसारखे खेळवीत, असे तिने त्यात लिहिले आहे. ऐकीव म्हणून हे बाजूला सारणारे भेटतात. पण पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम सदतीस वर्षे झाली होती. तिच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी ते राज्य अंगावर सोसले होते. पोती उतरविणाऱ्या हमालांच्या गर्दीत उभे राहून पोरांना मी हे सांगतो. तिथे खूण म्हणून दाखवायला काही नाही.

जर्मनीतल्या शहरांत नाझींनी ज्यांना घरांतून ओढून नेले, त्यांच्या दारासमोर फरसबंदीत दहा सेंटिमीटर चौरस पितळी पत्रा जडविलेला दगड असतो. त्यावर नाव, जन्मसाल, कुठे नेले, कधी मारले. गुंटर डेमनिग या कलावंताने 1990 च्या दशकात हे काम सुरू केले. 2023 साली एक लाखावा दगड बसला. पायी फिरणाऱ्याला मान खाली घालून वाचावे लागते. आपल्याकडे मारलेल्यांची नावेच कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

गुलटेकडीहून रमतगमत पाऊण तासात गंज पेठ, म्हणजे फुलेवाडा. इथे घाई करू नये. 1868 साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. चवदार तळ्याच्या एकोणसाठ वर्षे आधी! आपल्याला मिठात घालून इथेच पुरावे ही त्यांची इच्छा होती. 1890 साली नगरपालिकेने परवानगी नाकारली. दहन झाले, अस्थींवर वाड्यातच समाधी आहे.

पुढे बुधवार पेठ. दगडूशेठ गणपतीसमोर भिडेवाडा होता. 1848 साली मुलींची शाळा भरली ती इथे. स्मारकासाठी तो 2023 च्या डिसेंबरात पाडला. रांगेत ताटकळणाऱ्यांपैकी किती जण वळून समोर पाहतात, हे पोरांना मोजायला सांगावे.

शेवटी शनिवारवाडा. आतला वाडा 1828 साली जळाला, त्यामुळे पाहण्यासारखे जोते नि तटच. मी तिथे फार वेळ घालवीत नाही. मात्र तीन वाजून जाऊ द्यावेत. मग दिल्ली दरवाज्यापुढच्या पटांगणात पोरांना एका ओळीत उभे करावे आणि आपापल्या सावल्या पावलांनी मोजायला सांगाव्यात.