सत्याच्या वेषातील भुते

भुताखेतांच्या गोष्टी कोणत्या देशात नाहीत? आपल्या खेड्यापाड्यांतही त्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात आहेत. परंतु गोष्ट संपताना जाणता सांगणारा एक वाक्य हमखास जोडतो: ‘खरेखोटे देव जाणे!’ या लहानशा वाक्यात मोठे शहाणपण आहे. ऐकणाऱ्याने घटकाभर भ्यावे, पण ते भय उराशी घेऊन झोपी जाऊ नये, ही काळजी त्यात असते.

पाश्चात्त्य देशांत मात्र असे काही कार्यक्रम व चित्रपट निघाले की, ज्यांनी हे वाक्यच गाळून टाकले. कथा सर्वस्वी काल्पनिक. पण ती सांगावयाची ती माहितीपटाच्या रूपाने. वार्ताहर, तज्ज्ञ, साक्षीदार, हातात धरल्यामुळे हलणारा कॅमेरा असा सगळा सरंजाम खरा वाटावा असा. अशा कलाकृतींचे परिणाम काय होतात, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे.

३१ ऑक्टोबर १९९२ ची रात्र. सर्व संतांच्या सणाची ही पूर्वरात्र; इंग्लंडात तिला हॅलोवीन म्हणतात, आणि त्या रात्री भुतांच्या गोष्टी सांगण्याची तेथे प्रथा आहे. त्या शनिवारी बी.बी.सी.ने दूरचित्रवाणीवर ‘घोस्टवॉच’ नावाचा कार्यक्रम दाखविला. लंडनजवळच्या नॉर्थोल्ट भागातील एका साध्या घरात एक आई व तिच्या दोन मुली राहतात, त्यांना पिशाचाचा उपद्रव होतो, आणि त्याचा शोध आपण या क्षणी प्रत्यक्ष पाहत आहोत, असे त्याचे स्वरूप होते. वस्तुतः तो स्टीफन व्होल्क यांनी लिहिलेला व लेस्ली मॅनिंग यांनी दिग्दर्शित केलेला नाट्यप्रयोग असून आधीच चित्रित करून ठेवलेला होता. मुली, शेजारी, तज्ज्ञ हे सारे नट होते.

परंतु निवेदक नट नव्हते! मायकेल पार्किन्सन हे नामांकित मुलाखतकार स्वतःच्याच नावाने समोर बसले होते. भुताच्या घरात शिरणाऱ्या सारा ग्रीन या मुलांच्या कार्यक्रमांतील लाडक्या बाई होत्या. ज्यांच्या तोंडून आजवर खरे तेच ऐकले, ते आज खोटे सांगतील अशी शंका कोणाला यावी?

आणखी एक युक्ती पाहण्यासारखी आहे. मध्येच घरातील मोठी मुलगी स्वतःच ठोकाठोक करून आवाज काढताना पकडली जाते. लबाडी उघडकीस आली, असे वाटून प्रेक्षक निःशंक होतो. ‘हे लोक खोटे खपवून घेत नाहीत’ असा त्याचा ग्रह होतो. आणि नंतर जे भयंकर घडते त्यावर तो अधिकच विश्वास ठेवतो. लहान खोटे उघड करून मोठे खोटे गळी उतरविण्याची ही कला होय. अखेरीस सारा ग्रीन जिन्याखालच्या अंधाऱ्या कोठडीत नाहीशा होतात आणि पिशाच दूरचित्रवाणीच्या केंद्रातच संचार करू लागते.

आरंभी लेखकाचे नाव पडद्यावर दाखविले होते, हे खरे. पण जे उशिरा येऊन बसले त्यांना ते दिसले नाही. पडद्यावर दूरध्वनीचा क्रमांकही दिला होता. तेथे ज्यांचा फोन लागे, त्यांना ‘ही काल्पनिक कथा आहे’ असे सांगण्यात येई. परंतु फोन करणाऱ्यांची इतकी गर्दी उसळली की, पुष्कळांना तो लागलाच नाही. सत्य सांगण्याची सोय होती; घाबरलेल्या माणसापर्यंत ते पोहोचले नाही.

परिणाम हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. १९९४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात दहा वर्षांच्या दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध झाली. हा कार्यक्रम पाहिल्यानंतर मोठ्या आघातानंतर जडतो तसा मनोविकार त्यांना जडला होता. त्याहून दुःखद गोष्ट अशी की, कार्यक्रमानंतर काही दिवसांतच एका कोवळ्या, भोळ्या मनाच्या तरुणाने आत्महत्या केली. कार्यक्रमाचा त्याच्या मनावर झालेला परिणाम त्याला कारण झाला, अशी त्याच्या आईवडिलांची तक्रार होती. १९९५ साली प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने बी.बी.सी.ला दोष दिला. प्रेक्षकांची जी फसवणूक चालली होती तिची नुसती सूचना देणे पुरेसे नव्हते, आणि मुलांच्या ओळखीचे चेहरे पाहून पालक बेसावध राहिले, असा त्या निर्णयाचा आशय होता. ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर बी.बी.सी.ने तो कार्यक्रम पुन्हा दाखविलेला नाही.

सात वर्षांनी, १९९९ साली, अमेरिकेत ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा चित्रपट निघाला. मेरीलँड राज्यातील बर्किट्सव्हिल या गावाजवळच्या रानात तीन विद्यार्थी चेटकिणीचा माहितीपट करण्यास जातात व बेपत्ता होतात. त्यांनी केलेले चित्रण तेवढे मागाहून सापडते, अशी ही कथा. चेटकिणीची दंतकथा जुनी नव्हेच. डॅनिएल मायरिक व एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी ती रचली होती. तिघा नटांनी आपली खरी नावे वापरली, आणि ते हरवल्याची पत्रके वाटण्यात आली. त्यांतील अभिनेत्रीच्या आईला लोकांची सांत्वनपत्रे येऊ लागली, मुलगी जिवंत असताना! जेमतेम दोनशे वस्तीच्या त्या गावात हौशी लोकांची रीघ लागली व गावाच्या नावाच्या पाट्या चोरीस गेल्या. चित्रपटाने जगभर जवळजवळ २५ कोटी डॉलर मिळविले. परंतु आपल्याला योग्य मोबदला मिळावा म्हणून त्या तिघा नटांना २०२४ साली जाहीर पत्र लिहावे लागले.

भयकथा लिहू नये, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. भयकथा हा साहित्याचा जुना व मानाचा प्रकार आहे, आणि या दोन्ही कलाकृतींचे कौशल्य जाणकार आजही वाखाणतात. दोष भुताचा नाही, साक्षीचा आहे. वार्ताहराचा शब्द, वैद्याचा निर्वाळा, प्रत्यक्षदर्शीची साक्ष यांवर समाजाचे व्यवहार चालतात. गोष्ट खपविण्यासाठी ही पुंजी खर्च केली, तर उद्या पुराची वा साथीची खरी वार्ता आली असता तिच्यावर कोण विश्वास ठेवील?

आज ही गोष्ट आपल्या उंबरठ्याच्या आत आली आहे. अशा चित्रपटांतील दोन मिनिटांचा तुकडा, मागचापुढचा भाग कापून, मोबाइलवरून हातोहात फिरतो. लेखकाचे नाव, नटांची यादी सारे गळून पडते. उरते ते केवळ भय. म्हणून घरातील वडील माणसांनी मुलांना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. हे कोणी तयार केले? याचा आरंभ व शेवट कोठे आहे? ज्या गावाचे व माणसांचे नाव घेतले आहे, त्यांच्याविषयी इतरत्र काही छापून आले आहे काय? उत्तर मिळेपर्यंत तो तुकडा पुढे धाडू नये.

आणि एखादे मूल घाबरून रात्री जवळ आलेच, तर ‘वेडा आहेस’ म्हणून त्याला झिडकारू नये. त्याच्याजवळ बसावे, दिवा लावावा, आणि ते चित्र कसे बनविले असेल ते त्याला शांतपणे समजावून सांगावे.