दोन दिवसांच्या फळाची पस्तीस वर्षं

सीताफळाचे डोळे उघडले, खाचांमधली रेघ पांढुरकी-पिवळसर दिसू लागली, की फळ तोडायचं. तिथून पुढे नुसती घाई. दोन-तीन दिवसांत ते मऊ पडतं, मग उलतं, मग काळवंडतं. आणि आधीच तोडलं तर पिकतच नाही, आक्रसून टणक होतं. बीड जिल्ह्यात या फळाचा धंदा गेल्या पस्तीस वर्षांत जो काही वाढला, त्याचं श्रेय नव्या झाडांना थोडं आणि ही दोन-तीन दिवसांची मुदत लांबवणाऱ्या माणसांना बरंच द्यावं लागेल.

झाडाची तशी कुणी फार बडदास्त ठेवली नव्हती. सीताफळ मूळचं अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातलं, पण बालाघाटच्या मुरमाड उतारांवर ते असं रुजलं की इथलंच वाटावं. पाणी मागत नाही, शेळ्या पाल्याला तोंड लावत नाहीत, दुष्काळात पानं गाळून उभं राहतं. पाटोदा, बीड, केज, धारूर, अंबाजोगाई या तालुक्यांतल्या डोंगरांत, बांधांवर, गायरानांत ते आपोआप वाढलं. आश्विनात पाट्या भरून बायाबापड्यांनी फळं रस्त्यावर आणायची, धारूरच्या घाटात किंवा मांजरसुंब्याजवळ गाड्या थांबतील तिथं बसायचं, हा जुना शिरस्ता. सकाळी वाट्यावर भाव सांगायचा, दुपारी उतरवायचा आणि संध्याकाळी गिऱ्हाईक म्हणेल त्याला द्यायचं. पाटी घरी नेऊन करणार काय? व्यापाऱ्यालाही हे ठाऊक असल्यानं घासाघीस कधी बरोबरीची झालीच नाही.

त्यात बीडची आणखी एक अडचण. सीताफळाचा भर सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि नेमकं दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, कोयते बांधलेले, साखर कारखान्याची गाडी दारात. म्हणजे फळ जेव्हा पिकतं तेव्हाच हात गावाबाहेर जातात. हे गणित लक्षात न घेता कुणी बीडमध्ये सीताफळावर उद्योग उभारू म्हणालं, तर पहिल्याच हंगामात त्याला मजूर शोधत फिरावं लागेल.

पहिला मोठा बदल आला तो रोजगार हमीच्या वाटेनं. १९७२च्या दुष्काळातून वर आलेल्या या योजनेला राज्य सरकारनं १९९०मध्ये फळबाग लागवड जोडली. खड्डे खोदण्याची मजुरी आणि रोपं यांचा खर्च सरकारचा, झाड शेतकऱ्याचं. आंबा, डाळिंब, मोसंबीच्या जोडीला कोरडवाहू फळांत सीताफळही आलं. रानातलं झाड प्रथमच ओळीत, ठरावीक अंतरावर, सातबाऱ्याच्या हद्दीत लागलं. मालक ठरला की छाटणी होते, पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त होतो, बहराकडे लक्ष जातं. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. तिथं निवडलेलं ‘धारूर-६’ हे वाण याच मातीतलं, फळानं मोठं आणि गरानं भरलेलं. पुढे २०१२-१३च्या दुष्काळात शेजारच्या जालन्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, टँकरनं पाणी घालूनही अनेकांना वाचवता आल्या नाहीत. त्यानंतर कमी पाण्याच्या या झाडाकडे बघण्याची नजर बदलली.

लागवड वाढली तरी विक्री जुनीच होती. तिथं जे घडलं ते दिसायला किरकोळ आहे, पण छोट्या धंद्याच्या दृष्टीनं त्यातच खरी गंमत आहे. पाटीत खाली बारीक आणि वर मोठी फळं रचून नेण्याची सवय मोडून तीन प्रतींत निवड करायची. पाटीऐवजी प्लास्टिकचा क्रेट, तळाला कागद किंवा गवत. पुण्याला जाणारं फळ जरा कडक असताना तोडायचं आणि घाटात विकायचं ते डोळे पूर्ण उघडल्यावर. यात ना यंत्र आहे ना कर्ज. तरीही निवडलेल्या मालाचा भाव मिसळलेल्या मालाला येत नाही, कारण ढिगात घेणारा नेहमी सर्वांत वाईट फळ पाहून दर लावतो. २०१६मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आवाराबाहेर थेट विकण्याची वाट खुली झाली. प्रतवारी करणाऱ्यालाच या मोकळिकीचा उपयोग होता. ज्याच्याकडे मिसळीचा माल, त्याला आडत काय आणि थेट गिऱ्हाईक काय, सारखंच.

कितीही नीट निवडलं तरी उललेलं, डागाळलेलं, लहानखुरं फळ उरतंच. त्याचं काय करायचं, या प्रश्नातून गराचा उद्योग पुढे आला.

आंब्याचा रस आटवता येतो, डबाबंद करता येतो. पेरूची जेली होते. सीताफळाचा गर मात्र तापवला की कडवट होतो आणि त्याचा वास उडतो. उघडा ठेवला तर काही वेळातच तपकिरी-गुलाबी पडतो. म्हणून त्याला एकच रस्ता: फळ फोडायचं, गर काढायचा, बिया वेगळ्या करायच्या आणि झटपट गोठवून उणे अठरा अंशांच्या आसपास ठेवायचा. असा गर वर्षभर टिकतो. दोन दिवसांचं फळ बारा महिन्यांचं होतं आणि विकणारा पहिल्यांदा ‘आज नाही विकायचं’ असं म्हणू शकतो.

गिऱ्हाईकही तयार होतं. रघुनंदन कामत यांनी १९८४ साली मुंबईत जुहूला नॅचरल्स आइस्क्रीम सुरू केलं आणि त्यांच्या फळांच्या स्वादांत सीताफळानं मोठं नाव कमावलं. पुढे लग्नाच्या पंगतीत सीताफळ रबडी आणि बासुंदी आली. लग्नसराई उन्हाळ्यात, फळ दिवाळीत. मधले सहा महिने कुणीतरी गर सांभाळायला हवा होता.

सांभाळणं मात्र स्वस्त नाही. गर काढायची यंत्रं आली, पण फळ हातानंच फोडावं लागतं आणि बी फुटून चालत नाही, कारण बी विषारी, तिचा चुरा डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते. फळाच्या वजनातला मोठा भाग साल आणि बियांतच जातो. त्याहून मोठा खर्च विजेचा. मराठवाड्यानं भारनियमनाची जी वर्षं काढली, त्या काळात डीप फ्रीझर घेणं म्हणजे जनरेटरही घेणं होतं. एकदा वितळलेला गर पुन्हा गोठवला की त्याचा पोत गेला. आइस्क्रीमवाला तो परत पाठवतो. म्हणून ज्यांनी एकदम शीतगृह बांधलं नाही, आधी एका फ्रीझरवर एक हंगाम काढला, ओळखीच्या मिठाईवाल्याला गर दिला आणि तो पुढच्या वर्षी आगाऊ मागणी नोंदवतो का ते पाहिलं, त्यांचा मार्ग अधिक शहाणपणाचा म्हणावा लागतो. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात आदिवासी बायकांनी जंगलातल्या सीताफळाचा गर काढून उद्योग उभा केला. तिथं आधी गट जमला, मग यंत्रं आली.

गटाच्या बाबतीत बीड मागे नव्हतं. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२मध्ये अंबाजोगाईत मानवलोक ही संस्था सुरू केली आणि पाणलोटापासून महिलांच्या बचतीपर्यंत कामं केली. नंतर महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि उमेद अभियान यांचे बचत गट गावोगाव झाले. दरमहा पैसे जमवणं, वही लिहिणं, आपसांत कर्ज देणं-फेडणं हा सराव आधी झालेला असल्यामुळे २०२०मध्ये केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आली तेव्हा बँकेला दाखवायला काहीतरी होतं. या योजनेत बीडसाठी ठरलेलं उत्पादन सीताफळच. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान. बचत गटातल्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. यांतली दुसरी सोय जास्त मोलाची. अनुदानातून यंत्र येतं, पण हंगामाच्या थोड्या आठवड्यांत वर्षभराचं फळ रोखीनं विकत घ्यायला पैसा लागतो, आणि छोटे उद्योग बहुधा तिथंच अडतात.

बँक दूर आणि कागद फार, म्हणून जिल्ह्याचा पैसा पतसंस्था आणि मल्टीस्टेटकडे वळला होता. २०२३मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेटमध्ये ठेवी अडकल्या, तेव्हा शेतकरी, नोकरदार, व्यापारी सगळेच शाखांच्या दारात उभे राहिले. हंगामाचा पैसा आणि आयुष्याची ठेव एकाच ठिकाणी ठेवण्याची किंमत त्या वर्षी अनेक घरांना कळली.

या सगळ्यात २०१६ साल आणखी एका कारणानं लक्षात राहतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. पेढे वाटले गेले, बातम्या झाल्या. पण जिल्ह्याला नाव मिळण्याची ही पहिली वेळ नव्हती. इंग्रजांच्या काळातल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये बीडची ख्याती दिली आहे ती चामड्याच्या छागलींसाठी आणि काठीत लपवलेल्या गुप्त्यांसाठी. नाव होतं, कसब होतं; प्रवासात छागलीतून पाणी पिणारे राहिले नाहीत आणि तो धंदा नावानिशी मागे पडला. मानांकनाचंही तसंच आहे. प्रमाणपत्र उत्पादक संघाच्या कपाटात आणि फळ विनाछापाच्या क्रेटमध्ये, अशानं पुण्याच्या गिऱ्हाईकाला बीडचं फळ कोणतं हे कळणार कसं? नोंदणीकृत वापरकर्ता होणं, खोक्यावर चिन्ह छापणं, निदान गावाचं नाव लावणं, ही कामं ज्याची त्यानंच करायची असतात.

दरम्यान बागांमध्ये वेगळंच घडत होतं. बार्शी तालुक्यातले नवनाथ कसपटे यांनी निवडलेलं ‘एनएमके-१ गोल्डन’ मराठवाड्यात झपाट्यानं पसरलं. फळ वजनदार, बिया कमी, तोडल्यावर अधिक दिवस टिकणारं. ज्या मुदतीशी बीडचे लोक फ्रीझर आणि क्रेट घेऊन झुंजत होते, ती या वाणानं झाडावरच थोडी वाढवून दिली. नवी बाग लावणारा साहजिकच तेच लावतो. मानांकन मात्र ज्या गोडीवर मिळालं ती बालाघाटच्या फळाची, आणि ते डोंगरातलं बारीक फळ आता दूरच्या बाजारात मोठ्या फळासमोर उभं राहू शकत नाही. त्याला उरला तो गराचा रस्ता. आइस्क्रीमवाल्याला आकाराशी कर्तव्य नाही, त्याला गोडी आणि वास हवा.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली रेल्वे सुटली. परळीपर्यंतचा टप्पा तेव्हा बाकी होता. सीताफळ मात्र आजही रात्रीच्या टेम्पोनंच जातं. धारूरच्या डोंगरातलं फळ गोळा करणाऱ्या बायका हंगाम सुरू झाल्यावर महिन्याभरात कोयता घेऊन निघतात, आणि गराचे कारखाने त्यांच्या जाण्याआधी भरून घ्यायच्या खटपटीत असतात.