मुलास परदेशीं शिकण्यास पाठवावें काय ?

पूर्वीं आमच्या शेतकरी बांधवांपुढें, मुलास तालुक्याच्या शाळेंत घालावें कीं औतामागें लावावें, हा प्रश्न असे. आतां तो समुद्रापलीकडे जाऊन पोंचला आहे. पुणें शहर व त्याच्या भोंवतालच्या हवेली, मुळशी, खेड, शिरूर या तालुक्यांतील पदवीधर झालेलीं मुलें अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया या देशांत पुढील शिक्षणास जाण्याची इच्छा धरितात, आणि वडील मंडळी बैठकींत विचारतात, ‘पाठवावें काय ?’ या प्रश्नास सरसकट होय अथवा नाहीं असें उत्तर देतां येत नाहीं. ज्याचें त्यास उत्तर काढतां यावें, एवढ्यासाठीं कोणत्या बाबी तपासाव्या तें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

परदेशीं जाऊन विद्या संपादन करणें ही आम्हांस नवी गोष्ट नव्हे. मुलींविषयीं शंका बाळगणारांनीं पुण्यांत जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचें स्मरण करावें. त्या १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या व १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कोंकणांतील मुर्डी गांवचे. सरकारी शिष्यवृत्तीवर जाऊन १८९९ सालीं ते केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत अग्रस्थानीं आले, आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजांत शिकवूं लागले.

सर्वांत बोधप्रद उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें आहे. बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथून लंडनला गेले असतां शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावें लागलें. पुढें मुंबईच्या सिडेनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा सांठविला, शाहू महाराज व एक पारशी स्नेही यांचें साह्य घेतलें, १९२० सालीं ते पुनः लंडनला गेले आणि १९२३ सालीं त्यांस डी. एस्सी. ही पदवी मिळाली. मधल्या काळांत, १९१८ सालीं, त्यांनीं लिहिलेला हिंदुस्थानांतील लहान शेतांवरील निबंध आमच्या वर्गानें आजही वाचण्यासारखा आहे. नुसते तुकडे जोडून भागणार नाहीं, शेतीवरील जादा माणसांस उद्योगधंद्यांत काम मिळालें पाहिजे, असें त्यांत प्रतिपादन आहे.

या मंडळींस काय शिकावयाचें हें निश्चित ठाऊक होतें. त्यांचा खर्च मुख्यतः शिष्यवृत्तीनें, स्वकमाईनें अथवा दुसऱ्यांच्या साह्यानें भागला. आणि पैसा संपला तेव्हां घरीं येऊन, कमावून, पुनः जाण्याचेंही धैर्य दाखविलें गेलें. आजच्या मुलांस या तीन गोष्टी लागू पडतात काय, हें प्रथम पाहावें.

आतां हिशेब. समजा, चाळीस लक्ष रुपये कर्ज काढिलें, व्याज दर साल दर शेंकडा १० आणि फेड १० वर्षांत. अभ्यासाच्या दोन वर्षांचें व्याज वेळच्या वेळीं भरलें तर मासिक हप्ता सुमारें ५२,९०० रुपये पडतो. तें न भरतां दर सालचे चार लक्ष याप्रमाणें आठ लक्ष मुद्दलांत चढले, तर हप्ता सुमारें ६३,४०० रुपये होतो. डॉलरांत पगार मिळेल असें धरून चाललें म्हणजे हा आंकडा हलका वाटतो. आमचें म्हणणें असें कीं, हिशेब उलट बाजूनें करावा. मुलगा परत आला व हिंजवडीस किंवा खराडीस नोकरी करूं लागला, तर तेथील पगारांतून हप्ता भरून त्याचें पोट व घरभाडें भागेल काय ? भागत असेल तर जाण्यास हरकत नाहीं. भागत नसेल तर तें शिक्षण नव्हे, सौदा होय. आणि सौद्यांत बुडण्याची तयारी ठेवावी लागते.

परत येण्याचा प्रसंग येणारच नाहीं, असें मानूं नये. कारण परकीय सरकारांचे नियम मध्येंच बदलतात. कॅनडानें राहणीखर्चासाठीं दाखवावयाची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून दहा हजार डॉलरांवरून २०,६३५ डॉलर केली. अमेरिकेनें सप्टेंबर २०२५ मध्यें बाहेरून नव्यानें बोलवावयाच्या एच-वन-बी कामगारामागें एक लक्ष डॉलर आकारण्याचें फर्मान काढिलें. जर्मनींत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाहीं, तथापि सप्टेंबर २०२४ पासून एका वर्षाच्या खर्चापोटीं ११,९०४ युरो आगाऊ ठेवावे लागूं लागले. प्रवेश मिळवून देणाऱ्या मध्यस्थांस पुष्कळदां त्या परदेशी संस्थेकडूनच दलाली मिळते. आडत्यानें मालाचा भाव सांगितला असतां आपण तो बाजारांत पडताळून पाहतों. तीच रीत येथें चालवावी.

ज्या बाबीकरितां हा लेख मुख्यतः लिहिला, ती जमिनीची. आम्हीं महसूल खात्यांत बरीच वर्षें कारकुनी केली. सात-बारावर नांव चढतांना व उतरतांना पुष्कळ पाहिलें. शिक्षणकर्जास शेतजमीन तारण घेण्यास बँका बहुधा राजी नसतात, कारण तारण मालमत्ता कोर्टावांचून ताब्यांत घेण्याचा जो अधिकार २००२ च्या सरफेसी कायद्यानें बँकांस दिला, तो शेतजमिनीस लागू नाहीं. मोठ्या रकमेस तर तारण सामान्यतः लागतें. मग राहतें घर गहाण टाकणें अथवा जमीन विकणें, या दोनच वाटा कुटुंबास दिसूं लागतात.

असें एक प्रकरण आमच्या पाहण्यांत आलें. वडिलांनीं थोरल्याच्या शिक्षणाकरितां रस्त्यालगतचे अडीच एकर विकले. थोरला पदवी घेऊन आला. तिकडे नोकरी मिळाली नाहीं, पुण्यांत मिळाली. त्याचें बरें चाललें आहे. पण विहीर त्या विकलेल्या गटांत होती. धाकटा मागें राहून शेती करीत असे. त्याची उरलेली बागायत जिरायत झाली. खरेदीखतावर सह्या होतांना विहिरीचें नांव कोणीं काढलें नाहीं. फेरफाराचे कागद आमच्या टेबलावरून गेले. आम्हीही कांहीं बोललों नाहीं.

आणखी दोन गोष्टी कायद्याच्या आहेत. वडिलार्जित जमिनींत २००५ च्या दुरुस्तीनें मुलीसही मुलाइतकाच हक्क आहे. तेव्हां एकाच्या शिक्षणास सर्वांचा वांटा खर्ची पडतो. दुसरें, १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणें, जो शेतकरी नाहीं त्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. सर्व जमीन विकून बसलेल्यास पुढें पैसा आला तरी पुनः शेतकरी होणें कठीण. कर्ज फिटतें, गेलेली जमीन परत येईलच असें नाहीं.

म्हणून जमिनीस हात लावण्यापूर्वीं इतर वाटा धुंडाळाव्या. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची परदेश शिष्यवृत्ति समाजकल्याण आयुक्तालयामार्फत, आणि मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीं सयाजीराव गायकवाडांच्या नांवाची ‘सारथी’मार्फत दिली जाते, दोन्ही कचेऱ्या पुण्यांतच आहेत. शेतीशास्त्रच शिकावयाचें असेल तर शिवाजीनगरचें शेतकी महाविद्यालय, मांजरीची वसंतदादा साखर संस्था व तेथलेंच द्राक्ष संशोधन केंद्र हीं प्रथम पाहावीं. संशोधनाची खरी ओढ असलेल्यानें मागाहून हॉलंडांतील वागेनिंगेनसारख्या विद्यापीठाकडे वळावें.

केंब्रिजला शिकलेले धनंजयराव गाडगीळ आणि शाळा अगदीं थोडी झालेले लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनीं मिळून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला व १९५० च्या सुमारास तो चालूं झाला. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. बाहेर जाऊन शिकलेला आणि मातींत राहिलेला, दोघेही लागतात. एकास पाठविण्यासाठीं दुसऱ्याच्या पायांखालची जमीन काढून घेतली तर दोघांचीही शक्ति खुंटते.

तात्पर्य, निर्णय करण्याच्या दिवशीं सर्व मुलांमुलींस एकत्र बसवावें, सात-बारा व हप्त्याचा हिशेब पुढें ठेवावा, आणि जो मागें राहणार आहे त्यास प्रथम बोलूं द्यावें. त्याचें ऐकून घेतल्यावर जें ठरेल तें कागदावर उतरवून सर्वांनीं सह्या कराव्या, आणि जाणाऱ्यास आनंदानें निरोप द्यावा.