मॉरिशसची मराठी माणसं कोकणातलं आपलं मूळ गाव कसं शोधतात?

कुणबी नोंदींच्या शोधामुळे निजामकालीन कागद, मोडी वाचक, जुनी जन्म-मृत्यू रजिस्टरं हे शब्द मराठवाड्यात आता घरोघरी पोहोचलेत. असाच शोध मॉरिशसमधली मराठी कुटुंबंही घेत असतात. त्यांना हवं असतं पूर्वजांचं गाव.

१८३४ पासून पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत जवळपास पाच लाख भारतीय मजूर करारावर मॉरिशसला उतरले, बहुतेक उसाच्या मळ्यांसाठी. मराठी मजूर मुंबई बंदरातून गेले, त्यात बरेच कोकणातले. पोर्ट लुईचा तो धक्का, म्हणजे आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे.

तिथे प्रत्येकाला एक क्रमांक मिळायचा. मळा बदलला, नावाचं स्पेलिंग बदललं, तरी क्रमांक तोच. म्हणून शोध नावापासून नाही, क्रमांकापासून सुरू करायचा. आजोबा-पणजोबांच्या जन्माच्या किंवा लग्नाच्या दाखल्यात तो बरेचदा सापडतो. तो घेऊन मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जायचं. तिथल्या रजिस्टरांत वडिलांचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जहाज, गाव, जिल्हा असे रकाने आहेत. १८६० च्या दशकापासून फोटोही काढले जाऊ लागले. नशीब असेल तर खापरपणजोबांचा चेहराच समोर येतो.

खरी अडचण गावापाशी येते. कारकुनानं कानावर पडलं तसं रोमन लिपीत लिहिलं. रत्नागिरीचं तेव्हाचं स्पेलिंगच 'रुटनाघेरी' असं होतं! त्यात मजुराचं बहुधा नुसतं नाव नोंदलं गेलं आणि पुढे तेच मुलाबाळांचं आडनाव झालं. आता कोकणात येऊन 'सखाराम' आडनावाचं घर विचारलं, तर कोण सांगणार? गावाचं नाव वडगाव किंवा पिंपळगाव असेल तर आणखी पंचाईत. मग परगण्याच्या रकान्याचाच आधार. जातीच्या रकान्यावर मात्र फार विसंबू नये. तोही कारकुनानंच भरलेला.

अमेरिकेतल्या चिनी वंशजांची गोष्ट उलटी आहे. १८८२ च्या बंदी कायद्यामुळे अधिकारी चिनी प्रवाशांना गावातली घरं, शेजारी, विहीर असं खोदून विचारायचे. त्या अपमानास्पद चौकशीच्या फायली आज वंशजांना गावाचा नकाशाच देतात. फक्त अनेकजण खोट्या नावानं आले होते, हे लक्षात ठेवावं लागतं.

मॉरिशसमध्ये हा शोध आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची तरतूद जाहीर केली. त्यासाठी पिढ्यांची साखळी कागदावर जुळावी लागते, आणि तिची पहिली कडी तो क्रमांक आहे.