बुजुर्गांना ओरडा नको, आधार हवा

तोतया पोलीस कोल्हापूरला नवा नाही. "मावशी, पुढे चोरी झाली आहे, तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा," असे सांगून बांगड्या लांबवण्याचे प्रकार आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. घरी येऊन गाठ सोडावी तर आत दगड! आता हाच तोतया व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर येतो. अंगावर वर्दी, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, आणि डोळा बँकेतल्या ठेवीवर.

यालाच 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. तुमच्या आधारवर घेतलेले सिम गुन्ह्यात वापरले गेले, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या खात्यातून हवालाचे पैसे फिरले, अशी सुरुवात होते. मग फोन 'मोठ्या साहेबां'कडे जातो. दार लावून घ्या, कॅमेरा बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका, असा हुकूम सुटतो. शेवटी तपासणीसाठी सगळी रक्कम एका 'सरकारी' खात्यावर पाठवायला सांगतात.

अडाणी माणसेच यात फसतात असे कोणी समजू नये. लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल हे पद्मभूषण मिळालेले उद्योगपती. ऑगस्ट 2024 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, त्यांना सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी दाखवून 7 कोटी रुपयांना गंडवले गेले. त्यानंतर 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांना सांगावे लागले की डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही तरतूद कायद्यात नाही. कोणताही पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि फोनवर पैसे मागत नाही.

आपल्या घरांत या फोनला आणखी एक धार असते. "तुमचे नाव दहशतवादाच्या प्रकरणात आले आहे," एवढे वाक्य कानावर पडले की आयुष्यभर सरळ मार्गाने चाललेल्या माणसाचेही हातपाय गळतात. मुलाची नोकरी, नातीचे ठरलेले लग्न, मोहल्ल्यातली इज्जत, सगळे एका क्षणात डोळ्यांपुढे येते. भामट्याला ही भीती नेमकी ठाऊक असते.

तरीही त्याचे खरे हत्यार वर्दी नव्हे, "कोणाला सांगू नका" हे वाक्य आहे. ते आपल्या घरांत चालते, कारण सांगितले तर काय होईल हे बुजुर्गांना माहीत असते. "अब्बा, तुम्हाला कितीदा सांगितलं?" "अम्मी, कशाला नको ते बटण दाबता?" असा ओरडा एकदा बसला की पुढच्या वेळी ते गप्प राहतात. एक हजार गेले तेव्हा लपवतात, म्हणून पुढे एक लाख जातात. तेव्हा उपायाची सुरुवात मोबाइलपासून नव्हे, आपल्या जिभेपासून करायला हवी.

अब्बांना स्पष्ट सांगावे, "कसलाही फोन आला तरी आधी मला कळवा. पैसे गेले असले तरी मी एक शब्द बोलणार नाही." आणि दिलेला शब्द पाळावा. मोबाइल काढून घेऊ नये. सौदीत नाहीतर दुबईत असलेल्या नातवाचा चेहरा त्यांना त्याच्यातच दिसतो. पेन्शनचे किंवा भाड्याचे पैसे येतात ते खाते आणि यूपीआयचे खाते वेगळे ठेवावे, यूपीआयच्या खात्यात थोडीच रक्कम असावी. घरातल्यांनाच माहीत असेल असा एक परवलीचा शब्द ठरवावा. "दादी, माझा अपघात झालाय, लगेच पैसे पाठव," असा फोन आला तर आधी तो शब्द विचारायचा. आज माणसाच्या आवाजाचीही नक्कल करता येते.

काही साध्या खुणा त्यांच्याबरोबर बसून उजळाव्यात. "आज रात्री वीज तोडू" असा मेसेज आला तर त्यातल्या नंबरवर फोन करू नये. हयातीच्या दाखल्यासाठी कोणी फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नये. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेल्या फाइलच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती उघडू नये.

दुसरा धोका दीनच्या नावाने येतो. व्याज नको म्हणून बँकेत ठेव न ठेवणाऱ्या बुजुर्गांना 'हलाल नफ्या'चे आमिष दाखवणे सोपे जाते. बेंगळुरूच्या आयएमएचा प्रमुख जून 2019 मध्ये देशाबाहेर निघून गेला आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी अडकली. जादा परताव्याच्या आशेने काय होते हे ए. एस. ट्रेडर्सच्या प्रकरणात कोल्हापूरनेही पाहिले आहे. व्यापारात नफा असतो तसा तोटाही असतो. दरमहा ठरलेल्या मोठ्या नफ्याची हमी कोणी देत असेल, तर त्याला हलाल म्हटल्याने ते हलाल होत नाही. कुरआनने खबरीची खातरजमा करायला आणि उधारीचा व्यवहार साक्षीदार ठेवून लिहून घ्यायला सांगितले आहे. ओळखीचा आहे, नमाजी आहे, एवढ्यावर हा हुकूम माफ होत नाही.

हजचेही तसेच. अर्ज हज कमिटी ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून किंवा हज सुविधा ॲपवरून करावा. खासगी टूर असेल तर सरकारच्या मान्यताप्राप्त यादीत नाव पाहावे आणि पैसे पावती घेऊन कंपनीच्या खात्यातच भरावेत. व्हिजिट व्हिसावर हज करता येत नाही. 2024 च्या हजमध्ये 1,301 जणांचा मृत्यू झाला. त्यांतले सुमारे 83 टक्के परवान्याविना आलेले होते, असे सौदी सरकारने सांगितले.

एवढे करूनही पैसे गेले, तर रडत बसायला वेळ नसतो. ताबडतोब 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी कळले तर ती गोठवता येते. ओसवाल यांच्या प्रकरणात पोलिसांनी सव्वापाच कोटी परत मिळवले. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार, बँकेला कळवल्यानंतर पुढे होणारे नुकसान बँकेवर येते. चॅट आणि मेसेज पुसू नयेत, व्यवहार क्रमांक जपावा. "थोडी फी भरा, गेलेले पैसे परत मिळवून देतो," असे म्हणणारा दुसरा भामटा समजावा. एकट्या राहणाऱ्या बुजुर्गांसाठी 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही आहे.

हे काम एका घराचे नाही. जुम्याच्या नमाजीनंतर मस्जिदीत दहा मिनिटे या विषयाला देता येतील. शाहू महाराजांच्या काळात मुलांच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये आता आजी-आजोबांचाही एखादा वर्ग भरू शकेल. मस्जिदीत न येणाऱ्या खाला-दादींपर्यंत महिलांच्या इज्तिमातून आणि बचत गटांतून पोहोचता येईल. शिकवायला कॉलेजातली पोरे-पोरी पुरेशी आहेत.

तोवर आपण एवढे तरी करू. एका कागदावर ठळक अक्षरांत 1930 लिहू, त्याखाली मुलाचा किंवा मुलीचा नंबर लिहू, आणि अम्मी-अब्बा जिथे बसतात तिथल्या भिंतीवर तो आजच चिकटवू.