फवारणी पंपाची टाकी काठोकाठ का भरू नये?

हवेच्या दाबावर चालणाऱ्या फवारणी पंपात औषधाचे द्रावण तीन-चतुर्थांशापर्यंतच भरावयाचे असते. खेप वाचावी म्हणून काही शेतकरी बंधू टाकी काठोकाठ भरतात. त्यामुळे श्रम तर वाचत नाहीतच, उलट औषध वाया जाते.

याचे कारण हवेच्या गुणधर्मात आहे. तापमान कायम असता वायूचे आकारमान दुप्पट झाले की त्याचा दाब निम्मा होतो. हा नियम रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने १६६२ मध्ये मांडला. १२ लिटरच्या टाकीत ९ लिटर द्रावण भरल्यास हवेला ३ लिटर जागा राहते. ३ लिटर फवारल्यावर ती दुप्पट होते व हवेचा एकूण दाब निम्मा होतो. ११ लिटर भरल्यास मात्र अवघे १ लिटर फवारताच तीच स्थिती येते. दाब उतरला की थेंब मोठे पडतात, पानांवरून ओघळतात आणि कीड शिल्लक राहते. म्हणून फवारा जाड होऊ लागताच पुन्हा हवा भरावी.

उष्णतेनेही कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो. ती ३० अंश सेल्सिअसवरून ६० अंशांपर्यंत तापल्यास दाब सुमारे एक-दशांशाने वाढतो. यास्तव हवा भरलेला पंप उन्हात ठेवू नये. झाकण काढण्यापूर्वी आतील हवा सावकाश सोडावी. अन्यथा विषारी द्रावण तोंडावर उडून डोळ्यांस इजा होण्याचा संभव असतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी साधे पाणी भरून दोन्ही प्रकार शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावेत.